उजेड लागू न दिलेला माणूस

हायपोकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते पहिल्याच भेटीत कळायचं. फोटो पक्का करायच्या पाण्याला हायपो म्हणतात. त्याचा आंबूस वास त्यांच्या बोटांत, शर्टाच्या बाह्यांत आणि बायकोच्या मते उशीतसुद्धा मुरला होता. एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये त्यांची हयात गेली. बाहेर काउंटरवर मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि आत काका उभ्याने काम करायचे. स्टुडिओत खुर्ची होती, ती गिऱ्हाइकाची. डार्करूममध्ये खुर्ची नव्हती. बसलेला माणूस ट्रे हलवायचा विसरतो, असं काकांचं मत होतं, आणि त्यांचं मत एकदा हायपोतून निघालं की पुसायची सोय नसायची.

लग्न नवं असताना बायको डबा घेऊन स्टुडिओत गेली आणि तिने सरळ डार्करूमचं दार उघडलं. काकांच्या हातात एका कुटुंबाच्या समारंभाचा अख्खा रोल होता. त्याला उजेड लागला. काका ओरडले नाहीत. त्यांनी तो रोल रीतसर धुतला, सुकवला आणि घरी आणून तिच्यापुढे धरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाकुट्ट.

"हे तू काढलेले फोटो," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून बायको कुठल्याही दारावर टकटक करते. स्वतःच्या स्वयंपाकघराच्याही.

काका हसत नसत. रागीट होते असं नाही. दिवसभर निगेटिव्हमध्ये लोकांची हसणी उलटी, काळ्या दातांची बघायची, सारखी करायची, सुकायला टांगायची. घरी आल्यावर पुन्हा तेच कोण करणार? डिजिटल कॅमेरे आले, फोटोला अंधार लागेनासा झाला, तेव्हा मालकाने गाशा गुंडाळला. काकांनी फोटो मोठे करायचा एनलार्जर, ट्रे, लाल दिवा आणि काळी कापडं घरी आणून मागच्या अडगळीच्या खोलीत लावली. आपल्यानंतर हे भंगारात जाणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते रोज पुसायचे.

मग डाव्या कानाच्या पुढे गाठ आली.

एकदा कापून झाली, वरून किरणं देऊन झाली, आणि गाठ परत तिथेच येऊन बसली. सर्जन म्हणाले, चेहऱ्याची नस नेमकी तिथूनच जाते. मागच्या खेपेला वाचवली. या खेपेला कापावी लागेल. मग चेहऱ्याची डावी बाजू उतरेल, डोळा मिटणार नाही, तोंड एका अंगाला ओढलं जाईल.

दोघं दवाखान्यातून घरी आली. दार उघडताना बायको म्हणाली, "आयुष्यभर माझ्या हातच्या जेवणाला तोंड वाकडं केलंत. आता कायमचं तसंच राहील." बोलून गेली आणि मग बराच वेळ नळाखाली एकच भांडं घासत राहिली.

दुसरा रस्ता सर्जननेच दाखवला. मोठ्या रुग्णालयात एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती. तिथली डॉक्टर तरुण बाई होती, बोलायची भराभर, पण समजेल असं. ती म्हणाली, "काका, सोन्याचा मुलामा दिलेले काचेसारखे कण असतात. इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसायचे नाहीत. ते आम्ही ड्रिपमधून रक्तात सोडतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून कण तिथे पाझरून साठतात. दुसऱ्या दिवशी गाठीवर लेझरचा उजेड टाकायचा. तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. तो मांसातून आरपार जातो, पण सोनं त्याला पिऊन टाकतं आणि तापतं. गाठ आतल्या आत शिजते. जपून केलं तर शेजारची नस वाचते."

ती पुढेही बरंच बोलली. काकांनी ऐकलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली होती. उजेड लागला की काम सुरू होणारा माल. आज भरायचा, उद्या उजेड द्यायचा. मधल्या वेळात तो कसा सांभाळायचा हे परक्या बाईने त्यांना सांगायची गरज नव्हती. ज्या कामात हयात गेली त्यात विचारायचं काय?

"काही शंका?" डॉक्टरने शेवटी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. बायकोला तेव्हाच संशय यायला हवा होता.

ड्रिपच्या दिवशी दुपारी काकांना खिडकीजवळची खाट मिळाली. पिशवीतलं पाणी हिरवट-काळपट होतं.

"सोनं म्हणता, मग पिवळं का नाही?" काकांनी नर्सला विचारलं.

"फार बारीक केलं की रंग बदलतो."

काकांना ते पटलं. चांदी बारीक केली की काळी दिसते, त्यावरच तर त्यांचं घर चाललं होतं. आणि चांदीची ही गत, तर सोन्याचा नखरा त्याहून मोठाच असणार. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. भर दुपारचं ऊन त्या पिशवीवर पडत होतं. त्यांनी मोकळ्या हाताने उशाचं वर्तमानपत्र उचललं आणि पिशवीवर टोपीसारखं घातलं. नर्सने ते काढलं. थेंब दिसले पाहिजेत, म्हणाली. ती वळली, काकांनी पुन्हा घातलं. तिने पुन्हा काढलं आणि या वेळी आपल्या बगलेत मारून घेऊन गेली.

"ही मुलगी डार्करूममध्ये एक दिवस टिकली नसती," काका बायकोला म्हणाले.

"ती डार्करूममध्ये नाहीये. तुम्ही दवाखान्यात आहात."

काकांनी मनाशी हिशेब लावला. पिशवीत असताना माल कच्चा असणार. अंगात गेला, गाठीत बसला, की मग तो खरा नाजूक होणार. म्हणजे सांभाळायचं ते आता इथून पुढे. सुई निघाल्याबरोबर त्यांनी घरून आणलेल्या पिशवीतून जुन्या कॅमेऱ्याचं काळं कापड काढलं आणि डोक्यावरून थेट छातीपर्यंत ओढून घेतलं. त्यांचा हात धरून बायकोने त्यांना जिन्यावरून उतरवलं. येणारे-जाणारे वाट देत होते. एकाने तिला हळूच विचारलं, "डोळे गेले का हो?"

"नाही," ती म्हणाली. "डोकं."

घरी अडगळीची खोली तयार होती. काकांनी ते काम सकाळीच उरकलं होतं, आणि काम म्हणजे काम. दाराच्या चौकटीला सगळीकडून लोकरीचा जाड नमदा ठोकला. किल्लीच्या भोकात कापूस. खिडकीच्या फळीवर काळा कागद, त्यावर कापड, त्यावर पुन्हा फळी. मग आत बसून, दार लावून, डोळे सरावेपर्यंत थांबायचं. सरावलेल्या डोळ्यांना जिथे जिथे पांढरी रेघ दिसेल तिथे हात लावून खूण करायची. खूप जण हेच थांबणं टाळतात, म्हणून त्यांच्या खोल्या गळतात. काकांची खोली गळत नव्हती. वाराही आत येत नव्हता, पण वाऱ्याने फिल्म बिघडल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

बायकोने जाता जाता लाल दिव्याचं बटण दाबलं.

"बंद कर. आधी बंद कर."

"अहो, लाल तर चालतो ना? इतकी वर्षं तुम्हीच सांगत आलात, लाल चालतो म्हणून."

"तो कागदाला चालायचा. हा माल तांबड्यालाच भुलणारा आहे. बाई म्हणाली नाही का, तांबड्याच्या पलीकडचा म्हणून? लालच सगळ्यात वाईट."

"मग मी तुम्हाला बघू कशी?"

"कशाला बघतेस? काल होतो तसाच आहे."

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात काडी पेटल्याचा आवाज आला. काकांनी आतून भिंत ठोकली. तांबड्याच्या पलीकडे म्हणजे धग, आणि धग म्हणजे शेगडी. बायको दारापाशी आली, टकटक केली आणि म्हणाली, "चहासुद्धा नाही?"

"उद्या."

"चहा तुमच्या गाठीला दिसतो?"

बायकोने पाव आणि केळी दारातून आत सरकवली, तीही काळ्या पिशवीत हात घालून. पाणी ठेवलं, पण काकांनी त्याला तोंड लावलं नाही. पाणी प्यालं की मोरीत जावं लागणार, आणि मोरीला काचेची खिडकी होती, तिच्यापलीकडे जिन्यातली ट्यूब. कामाच्या दिवसांतही मोठा रोल हातात असला की ते पाणी पीत नसत. सवयीचं होतं.

संध्याकाळी दूरच्या शहरातून मुलीचा फोन आला. तिला बाबांचा चेहरा बघायचा होता. बायकोने मोबाइल दाराबाहेर धरला.

"बाबा कुठेत?"

"डार्करूममध्ये."

"आज? काय करतायत?"

"स्वतःच रोल होऊन बसलेत. उद्या धुऊन मिळतील."

मुलगी बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, "आई, चेहरा वाचेल ना गं?"

आतून काकांनी हे ऐकलं. त्यांनी अंधारात हात वर नेला आणि डाव्या गालावरून फिरवला, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. मग कापड आणखी घट्ट ओढून घेतलं.

सकाळी मेहुणा गाडी घेऊन आला. बायकोचा हा धाकटा भाऊ गाद्या पोचवायचा धंदा करायचा. त्याच्या गाडीला मागे पत्र्याचा बंद डबा होता, खिडकी नसलेला. काकांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. एरवी ते त्याच्या गाडीला हात लावत नसत, कारण त्याचं गाठोडं बांधणं त्यांना ढिलं वाटायचं.

"भाऊजी, पुढे बसा की. ताई मागे बसेल."

"मी मागे. दार नीट लाव. फटीत गादी सरकव."

"आत वारा नाही हो."

"मी वारा खायला निघालेलो नाही."

डोक्यावर काळं कापड, वरून घोंगडी, आजूबाजूला फोमच्या गाद्या, आणि वर तापणारा पत्रा. रस्त्यात काम चाललं होतं, गाडी ठेचाळत निघाली. काका गाद्यांमध्ये ताठ बसले होते. घाम पाठीवरून उतरत होता. जीभ टाळूला चिकटत होती. पण कुठून एक रेघही उजेड येत नव्हता आणि त्यांचं त्या एका गोष्टीवर समाधान होतं. आजवर त्यांनी इतक्या जिवापाड कुठला रोल नेला नव्हता.

रुग्णालयाच्या मागच्या दारी मेहुण्याने डबा उघडला तेव्हा वाफ बाहेर आली.

"ताई," तो म्हणाला, "भाऊजी शिजले."

डॉक्टरने कापड उचलायला हात घातला तशी काकांनी आतून धरून ठेवलं. दोघांची थोडी ओढाताण झाली. शेवटी डॉक्टरने कापडाखालूनच थर्मामीटर आत दिलं, दंडाला पट्टा बांधला, आणि आकडे बघून खुर्चीवर बसली.

"अंग तापलंय. रक्तदाब उतरलाय. जीभ दाखवा. काका, शेवटचं पाणी कधी प्यालात?"

"इथेच. काल."

डॉक्टरने बायकोकडे पाहिलं. बायकोने सगळं सांगितलं. नमदा, कापूस, लाल दिवा, शेगडी, गाद्या. काही म्हणजे काही गाळलं नाही. डॉक्टर ऐकत गेली आणि तिचा चेहरा हसावं की रडावं असा होत गेला.

"काका," ती म्हणाली, "हे मी तुम्हाला सांगितलं होतं. साध्या उजेडाने काही होत नाही. तुम्ही उन्हात बसा, शेगडीपुढे बसा. ते कण कातडीच्या आत, खोल आहेत. तिथे पोचेपर्यंत उन्हाचा जोर संपलेला असतो, आणि जी काही ऊब लागेल ती रक्त वाहून नेतं. लेझरचं तसं नाही. तो सगळा एका ठिपक्यात गोळा केलेला असतो. एक दुसरा उपचार आहे, त्यात रोग्याला उजेडापासून जपावं लागतं. हा तो नाही."

डॉक्टरने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"आता नीट ऐका. आम्ही गाठ तापवताना अंशाअंशाने मोजतो. तुमचं अंग आधीच तापलेलं असेल तर माझा हिशेब चुकतो आणि नस भाजते. असं मी टेबलावर घेणार नाही. आज दिवसाअखेरपर्यंत ताप उतरला, पाणी पोटात गेलं, तर करू. उद्या नाही. तोवर सोनं गाठीतून ओसरायला लागेल आणि या चाचणीत दुसरा डोस मिळत नाही. मग सर्जनकडेच जायचं."

तिने सज्जाकडे बोट केलं. लांब, मोकळा, वाऱ्याचा सज्जा होता. दिवसाच्या उजेडाने भरलेला. "तिथे बसायचं. घोंगडी नाही, कापड नाही, अंगावर पातळ शर्ट. आणि पाणी पीत राहायचं." ती पुढच्या रोग्याकडे गेली.

काका जागचे हलले नाहीत.

"चला," बायको म्हणाली.

"बाई शिकलेली आहे. पण माल माझ्या अंगात आहे. उजेड लागला तर परत नाही होत ते."

"काल ती पिशवी उन्हातच टांगली होती. तेव्हा नाही लागला?"

"तेव्हा कच्चा होता."

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "मी तुम्हाला गादीत गुंडाळून बर्फाच्या कारखान्यात नेऊ का? तिथे अंधारही असतो आणि गारही."

काकांनी यावर क्षणभर खरोखर विचार केला. कापडाच्या हालचालीवरून बायकोला ते कळलं, आणि तिचा धीर सुटला. तिने भावाला पाणी आणायला पिटाळलं. मग काकांच्या शेजारी बसली. बोलली ती अगदी खालच्या आवाजात.

"त्या दिवशी दार मी उघडलं. न विचारता. ते तुम्ही अजून धरून बसलाय. बसा. पण आज मी टकटक करून विचारतेय. मला हे तोंड पाहिजे. हसत नाही, गोड बोलत नाही, तरी हेच पाहिजे, सरळ. तुम्ही ह्याच्या आत बसून ते घालवायला निघालात."

कापडाच्या आतून जड श्वास ऐकू येत होता. मग तिने हाताच्या बोटांनी खुर्चीच्या लाकडावर टकटक केली, एकदा.

"थांब," काका म्हणाले. "डोळे मिटू दे."

तिने कापड काढलं.

सज्जात काका डोळे घट्ट मिटून, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून बसले. जळणार म्हणून वाट बघत होते. काही जळलं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. समोर कपडे वाळत घातलेली गच्ची, पाण्याची टाकी, आणि सगळीकडे उजेड, फुकटचा. त्यांनी गाठीला बोट लावलं. काढलं. परत लावलं. कोमट होती, बाकीच्या अंगाइतकीच. जरा वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर किंचित अपमान झाल्यासारखा भाव आला. एवढी मेहनत केली, आणि मालाला कशाचा पत्ताच नाही.

"चमकताय का बघतो," म्हणत मेहुण्याने त्यांच्या कानाशी डोकं नेलं. "नाही. साधेच आहात."

"पाणी दे आणि गप्प बस."

पाणी ते मन लावून प्याले. पिणं हे आता काम होतं, आणि नेमून दिलेलं काम ते अर्धवट ठेवत नसत. तांब्यामागून तांब्या. मोरीच्या फेऱ्याही भरपूर झाल्या, भर उजेडातून. बायको अधूनमधून कपाळावर ओला रुमाल ठेवत होती. नर्स तीच कालची होती. ती थर्मामीटर घेऊन यायची आणि ओठ दाबून जायची. कलत्या दुपारी ती थर्मामीटर बघून थांबली, पुन्हा लावलं, आणि म्हणाली, "चला काका. वर्तमानपत्र आणलंय का?"

काकांनी मनातल्या मनात तिला डार्करूममध्ये निदान एक दिवस दिला.

टेबलावर काकांना गालापुरतं बधिर केलं होतं. कान शाबूत होते, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला होता. त्यांना वाटलं होतं यंत्र येईल, घुर्र करेल आणि होईल. अशा बसल्या जागी होणाऱ्या कामांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण तसं नव्हतं. एका बारीक नळीतून उजेड गाठीपर्यंत नेला होता आणि डॉक्टर वाकून उभी होती. एक डोळा पडद्यावरच्या आकड्यांवर, पाय बटणावर. थोडा उजेड, मग बंद. आकडा चढतोय बघायचं, उतरू द्यायचा. नळी केसभर हलवायची. पुन्हा थोडा. नसेच्या बाजूला आलं की तिचा श्वासच थांबायचा. कुणी काही विचारलं तर ती उत्तर देत नव्हती. खुर्ची शेजारीच होती. तिने ती पायाने मागे सरकवली.

काकांना स्वतःचे हात आठवले. फोटोत आभाळ जास्त काळं होऊ लागलं की एनलार्जरच्या उजेडाखाली तळहात फिरवत राहायचं, इथे सावली, तिथे उजेड, आणि हात एका जागी थांबला की डाग. त्यांनी कधी कुणाला ते नीट करताना पाहिलं नव्हतं. अंधारात एकटेच असायचे. आता पहिल्यांदा बाहेरून बघत होते. तिच्या मानेवर घाम आला होता आणि तिला पुसायची फुरसत नव्हती.

बाई मन लावून करते, त्यांनी मनाशी म्हटलं. मग ते अगदी स्थिर पडून राहिले, कारण आता तेवढं एकच काम त्यांच्याकडे होतं.

गाठीचं काय झालं ते पुढच्या स्कॅनला कळायचं होतं. ते चांगलंच निघालं, पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी प्रश्न नसेचा होता. बधिरपणा उतरला तशी डॉक्टर खाटेपाशी आली. बायको आणि मेहुणा मागे उभे राहिले.

"भुवया वर करा."

केल्या. दोन्ही गेल्या.

"डोळे घट्ट मिटा."

मिटले. बायकोने सुस्कारा सोडला.

"गाल फुगवा. छान. आता हसा."

काकांनी डॉक्टरकडे पाहिलं. तोंड जसंच्या तसं.

"हसा, काका."

काही नाही. डॉक्टरने टॉर्च जवळ घेतला. ओठाचा डावा कोपरा हलत नव्हता. तिने उजवा बघितला. तोही हलत नव्हता. तिच्या कपाळावर आठी पडली. "उजव्या बाजूला तर मी हातही लावला नाही," ती पुटपुटली.

"डॉक्टर," बायको म्हणाली, "त्यांचं हे असंच आहे."

"कधीपासून?"

"माझ्याशी लग्न झाल्यापासून. आधीचं मला माहीत नाही."

"पण मला कोपरा वर गेलेला दिसायलाच हवा. नसेची ओठाकडे जाणारी फांदी सगळ्यात बारीक असते, तीच भाजायची भीती असते. बाकीचं हललं म्हणून ही हलेल असं नाही."

मेहुण्याने घसा खाकरला आणि एक विनोद सांगितला. त्याला स्वतःला फार हसू आलं. मग त्याने गादीचा एक किस्सा सांगितला. तो तर त्याला पुराही करता आला नाही. काका दोघांकडे, म्हणजे मेहुण्याकडे आणि त्याच्या हसण्याकडे, सारख्याच नजरेने बघत होते.

"हसायचं कशाला?" त्यांनी विचारलं. "कारण सांगा."

"कारण नको. नुसतं करून दाखवा. असं." डॉक्टरने दात दाखवले.

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे लक्ष देऊन पाहिलं. हे त्यांच्या धंद्यातलं होतं. "हे खोटं आहे," ते म्हणाले. "दात हसतायत, डोळे थकलेत. असा फोटो गिऱ्हाईक परत आणून देतं."

"अहो," बायको म्हणाली.

"पुन्हा करा," काका म्हणाले.

डॉक्टर दुपारपासून उभी होती. तिने पुन्हा केलं. ते आणखी वाईट झालं.

"नाही. हनुवटी खाली."

"डॉक्टर, तुम्ही त्यांच्या नादी लागू नका," बायको म्हणाली. "त्यांनी माझ्या बहिणीला असंच दुपारभर बसवून ठेवलं होतं. शेवटी ती रडली, आणि म्हणाले, आता चेहरा खरा आला."

डॉक्टरने हनुवटी खाली केली होती. ती तशीच ठेवून तिने बायकोकडे पाहिलं, मग काळं कापड पांघरून तिच्याशी ओढाताण केलेल्या या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि तिला खरंच हसू फुटलं. दाबायला गेली तर जास्तच आलं. डोळ्यांना पाणी आलं तिच्या.

"हं," काका म्हणाले. "हे बरोबर."

आणि चांगली प्रिंट ट्रेमध्ये उमटताना बघावी तसं ते बघत असताना त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा थोडा वर गेला. मग डावा. बायको पुढे आली. डॉक्टरचं हसू जागच्या जागी थांबलं, तिने टॉर्च धरला आणि वाकली.

"हलू नका. असंच धरून ठेवा."

काकांनी धरून ठेवलं. अवघड होतं. सवय नसलेले स्नायू, गाल दुखायला लागले, पण त्यांनी सोडलं नाही. डॉक्टरने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, समोरून पाहिलं. "दोन्ही सारखे," ती म्हणाली. "नस शाबूत आहे. झालं, काका. सोडा आता."

"थांबा," बायको म्हणाली. "मी पाहिलं नाही अजून."

ती खाटेच्या त्या बाजूने वळून समोर आली आणि चष्मा पुसून बघू लागली. काकांना वाटलं, झालं असेल तिचं. पण ती बघतच होती. ते हसू तसंच धरून गाल ठणकेपर्यंत थांबले, आणि मग आणखी थोडे थांबले.